वाडग्यापासून खाटेपर्यंतची वायर

कॅमेरे बसवायचं काम आधी माझा नवरा करायचा. मी घरी बसून त्याला वायरींची टोकं सोलून द्यायची, पिना लावून द्यायची आणि तो कामावर गेला की दुकानात बसून निरोप घ्यायची. पुढे त्याला चक्कर यायचा आजार लागला. शिडीच्या दोन-तीन पायऱ्या चढला की आजूबाजूचं सगळं फिरतंय असं त्याला वाटायचं. डॉक्टरांनी शिडी आणि गाडी दोन्ही बंद करायला सांगितलं. दुकान बंद करायचं नसेल तर मी शिडीवर चढायचं, दुसरा रस्ता नव्हता. मी चढले. व्हॅन चालवायला शिकले. साडीवर जमेना म्हणून पंजाबी ड्रेस घालायला लागले. सुरुवातीला वडूजच्या पेठेत माणसं थांबून वर बघायची. नंतर त्यांना सवय झाली, मलाही झाली.

आमच्या धंद्यात एक वस्तू आहे, तिला सगळे बलून म्हणतात. फुग्याशी तिचा काही संबंध नाही, पण गिऱ्हाईक नाव ऐकून हमखास हसतं. कॅमेरा लांब असला की त्याची ती जाड काळी वायर महाग पडते, आणि तेवढं अंतर चालून चित्रही पुसट होतं. मग आम्ही इंटरनेटला वापरतात तसली वायर टाकतो. तिच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन एकमेकींना पिळलेल्या, म्हणजे चार जोड्या. एका कॅमेऱ्याचं चित्र न्यायला एकच जोडी पुरते. त्या जोडीच्या दोन्ही टोकांना एकेक बलून लावायचा. अंगठ्याएवढा असतो. एका बाजूला कॅमेऱ्यात बसणारी पिन, दुसऱ्या बाजूला दोन स्क्रू. निळी तार इकडे अधिकच्या खुणेला लावली तर तिकडेही अधिकलाच लावायची, उलटं करायचं नाही. आणि तारांचा पीळ अगदी टोकापर्यंत राखायचा. सोलताना तो जास्त उसवला की बाहेरची घरघर आत शिरते. नवऱ्यानं मला हे स्वयंपाकघराच्या ओट्यावर शिकवलं होतं.

वडूजपासून थोडं लांब, माळाला लागून एक गाव आहे. तिथलं काम मला फोनवर आलं. फोन करणारा माणूस तिकडं खाली दक्षिणेत, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात कामाला होता. आपल्याकडची कितीतरी माणसं त्या धंद्यात तिकडं आहेत. त्याचं घर मेंढपाळाचं. बाप उभा जन्म मेंढरांमागं हिंडला, आणि आता सगळी मेंढरं गावाबाहेर एका वाडग्यात बांधून होती. वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी. शेजारच्या गावात कुणाची तरी मेंढरं रात्रीत गाडीत घालून नेली होती, तेव्हापासून ह्याला तिकडं झोप लागत नव्हती. त्याला आपल्या मोबाईलवर वाडगं दिसायला हवं होतं. वडिलांना पण घरात टीव्हीवर दिसलं पाहिजे, असं त्यानं दोनदा सांगितलं. म्हातारा मेंढरांवाचून कासावीस होतो, म्हणाला.

मी सकाळी पोचले तेव्हा घरात दोघंच होती. म्हातारबाबा आणि सून. त्यांची नात साताऱ्याला वसतिगृहात राहून शिकत होती. म्हातारी बरीच वर्षं झाली, गेली होती. बाबा ओसरीत खाटेवर बसले होते, पाय खाली सोडून, हातात काठी. मी त्यांना आबा म्हणायला लागले. सून माझ्यापेक्षा थोडी लहान असेल. तिचं माहेर जत तालुक्यातलं, त्यामुळं तिच्या बोलण्याला कानडी हेल होता. सासऱ्याला ती मामा म्हणायची, पण ते सुद्धा माझ्याशी बोलताना. त्यांच्याशी थेट ती फार बोलत नव्हती. "मामांना च्या देऊ का इचारा," असं मलाच सांगायची, आणि मीच तो चहा नेऊन द्यायची.

घर आणि वाडगं यांच्यामध्ये एक ज्वारीचं रान होतं, मग ओढा, मग माळ चालू. बोअरच्या मोटरीची लाईन लाकडी खांबांवरून तिकडं गेलेली होती. मला ते खांब आयतेच मिळाले असं वाटलं. मी त्याच खांबांना माझी वायर बांधत गेले. दुपारपर्यंत वाडग्यात दोन कॅमेरे बसवले, घरात कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारा डीव्हीआरचा डबा लावला, टीव्ही जोडला. चित्र छान आलं. मेंढरांची लोकरसुद्धा दिसत होती. मी खूश होऊन सामान आवरायला घेतलं तेवढ्यात शेतीपंपांची लाईट आली, मोटर चालू झाली आणि टीव्हीवर खालून वर जाड पट्टे सरकायला लागले. मेंढरं त्या पट्ट्यांमागं गडप.

चूक माझी होती. मोटरीच्या लाईनीला खेटून वायर न्यायची नाही, हे ओट्यावर शिकले होते, पण आयते खांब बघून हुरळले. शिवाय वाडग्याकडच्या बलूनपाशी मी पीळ वीतभर उसवून ठेवला होता. सगळी वायर खाली उतरवली. सुनेनं कुठून तरी बांबू आणून दिले आणि माझ्याबरोबर खड्डे खणायला लागली. तिची कुदळ मातीत खोल जायची, माझी नुसती वाजायची. आम्ही लाईनीपासून चांगलं अंतर सोडून ओढ्याच्या काठानं नवी वाट काढली. बलूनपाशी तारा कापून पुन्हा जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या मोकळ्या केल्या. मोटर चालू करून बघितली. पट्टे गेले होते.

संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला तिकडं मोबाईलवर वाडगं दिसत होतं, तो हसत होता. मग त्यानं मला फोन वडिलांपुढं धरायला सांगितला आणि बाबांना विचारलं, दिसतंय का सगळं. बाबा म्हणाले, दिसतंय की, लय झ्याक. मी फोन धरून उभी होते, म्हणून मला दिसलं की त्यांचं तोंड टीव्हीकडं नव्हतं. टीव्ही डाव्या हाताला होता आणि ते समोरच्या भिंतीकडं बघत बोलत होते.

फोन संपल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. ते म्हणाले, "आवाज न्हाई का येत ह्यातनं?"

मी सांगितलं, न्हाई आबा, ह्या कॅमेऱ्यांना नुसतं चित्र असतं.

"मग मला काय उपेग गं पोरी? मला दिसतंय कुटं?"

काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती. उजेड-अंधार कळायचा, माणूस उभा आहे एवढं कळायचं. पोराला त्यांनी पूर्ण सांगितलंच नव्हतं. तो तिकडचं काम सोडून येईल ही भीती. वाडग्याजवळच्या खोपटात राहत होते तोवर त्यांचं बरं चाललं होतं. मेंढरांचा आवाज ऐकून त्यांना सगळं कळायचं. कोकरू आईपासून तुटलंय, कुणाला ढास लागलीय, पाणी संपलंय, कुत्रं आलंय. मग एकदा ओढ्यात पडले आणि पोरानं त्यांना गावातल्या घरी आणून ठेवलं. घर चांगलं होतं, पंखा होता, फरशी होती. "पर हितं काय बी ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. "निसता पंखा."

दोन कॅमेऱ्यांना दोन जोड्या गेल्या, तरी वायरीत आणखी दोन जोड्या रिकाम्या होत्या. माईक बसवला तर त्यांतल्या एका जोडीवरून आवाज आणता येतो, त्यासाठीही तसलाच छोटा बलून मिळतो. मी त्यांना म्हणाले, करता येईल, सांगलीहून सामान आणावं लागेल. हातातली काठी त्यांनी खाटेवर ठेवून दिली आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले.

मी जाता जाता वाडग्याकडं गेले, सुनेला सांगायला. तिथं दिवसभर तीच असते, आणि माईक लावला की मेंढरांबरोबर तिचंही बोलणं घरी ऐकू जाणार. हे तिला आधी सांगितल्याशिवाय मला ते काम करायचं नव्हतं. ती चाऱ्याच्या पेंढ्या सोडत होती. माझं ऐकून तिचे हात थांबले.

"ताई, चितर दिसतंय तेवढं ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं आपणच बोलायला लागली. घरात सासरे, गप्प. रात्री फोनवर नवरा, त्याला मेंढरांची चौकशी. बोलायचं तर ह्या मेंढरांपाशी. ती त्यांना नावं ठेवते, शिव्या देते, कधी गाणं म्हणते, कधी रडते सुद्धा. "हितं कुनी ऐकत न्हाई म्हनून मी हितं खुशाल असते. त्येबी गेलं मग."

मी तिला म्हणाले, तू नको म्हणालीस तर नाही लावणार, आबांना मी सांगेन जमत नाही म्हणून. ती म्हणाली, नको, खोटं सांगू नका. मला चार दिवस द्या.

घरी येऊन मी नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, काम मुलानं दिलंय, मुलाला विचार. त्याचं म्हणणं धंद्याच्या दृष्टीनं बरोबर होतं. पण माझ्या डोळ्यांपुढून ते पेंढीवर थांबलेले हात जाईनात, म्हणून मी थांबले.

चार दिवसांनी तिचाच फोन आला. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. माईकला बटण पाहिजे आणि ते तिच्या हाताशी पाहिजे, वाडग्यात. आणि आवाज फक्त मामांच्या खाटेपर्यंत जायला पाहिजे, मोबाईलवर तिकडं दक्षिणेत नको. मी विचारलं, सासऱ्यांनी ऐकलेलं चालेल का. ती म्हणाली, "त्येंचं काय हाय ताई, त्येंनी आयुष्यभर मेंढरांचंच ऐकलंय. माझं ऐकलं तर त्यातच ऐकतील."

मग मी मुलाला फोन केला. वडिलांच्या डोळ्यांचं मी सांगितलं नाही, ते त्यांचं त्यांनी सांगायचं. एवढंच म्हणाले की आबांना मेंढरांचा आवाज हवा आहे. तो खूश झाला आणि म्हणाला, मग माझ्या मोबाईलवर पण आवाज द्या. मी म्हणाले, तो नाही देणार, तुमच्या मिसेसनी नको म्हटलंय. तिकडं मागं भट्टीचा पंखा घुमत असलेला ऐकू येत होता. शेवटी तो म्हणाला, बरं, ती म्हणते तसंच करा.

सांगलीहून माईक, आवाजाचे बलून आणि एक छोटा स्पीकर आणला. आवाज डीव्हीआरमध्ये घातलाच नाही. हिरवी जोडी घेतली आणि सरळ आबांच्या उशाशी असलेल्या स्पीकरला दिली. स्पीकरला आवाज कमी-जास्त करायचा खटका होता, तो मी त्यांच्या बोटांना दाखवला. वाडग्यात माईकचं बटण बोर्डावर लावलं, गव्हाणीच्या बाजूला, तिच्या हाताच्या उंचीवर.

मी घरी आबांजवळ थांबले आणि तिला मिस कॉल दिला. तिनं तिकडं बटण दाबलं. आधी नुसती खरखर झाली. मग एक मेंढी ओरडली, आणि मग सगळं वाडगं घरात आल्यासारखं झालं. खुरांचा आवाज, शिंका, जाळीला अंग घासल्याचा आवाज. आबांनी मान तिरकी केली आणि तशीच ठेवली. ते आपले ऐकत बसले. मी माझं सामान आवरलं, चहाचे कप आत नेऊन विसळले, परत आले, तरी त्यांची मान तशीच. मग म्हणाले, "गव्हानीला तोंड मारत्यात. पानी न्हाई त्यास्नी. सांग तिला."

मी फोन करून सांगितलं. ती तिकडं हसली, ते स्पीकरमधून इकडं ऐकू आलं. "घालते," ती म्हणाली. ते वाक्य फोनमधूनही आलं आणि स्पीकरमधूनही. ती फोनवर माझ्याशी बोलत होती की माईकमध्ये त्यांच्याशी, मला कळलं नाही.

ते काम तिथं संपलं असं मी धरलं होतं. पण उंदरांनी ओढ्याजवळ वायर कुरतडली, म्हणून मला पुन्हा जावं लागलं. जोड घातला, वायर पाईपात घातली आणि आवाज नीट येतोय का बघायला घरी आबांजवळ आले. दुपार कलली होती. मी खाटेशेजारी जमिनीवर बसून बलूनचे स्क्रू आवळत होते. स्पीकर लागला. सून आधी एका मेंढीला ओरडत होती. मग आवाज जवळ आला, म्हणजे ती माईकपाशी आली होती.

"मामा," ती म्हणाली, "आज सकाळी आईचा फोन आल्ता."

मी वर बघितलं. आबांनी बोट ओठांवर ठेवलं होतं. मला तिथं बसावं की उठावं कळेना. ती पुढं बोलत होती, आईच्या गुडघ्याचं काहीतरी, भाऊ नीट बघत नाही असं काहीतरी. मी एवढंच ऐकलं, कारण आबांनी हात लांब करून खटका फिरवला आणि आवाज इतका कमी केला की फक्त त्यांच्या कानाला लागेल. मग ते स्पीकरवर झुकले. मी उठून ओसरीच्या पायरीवर जाऊन बसले, पाठ त्यांच्याकडं करून. बऱ्याच वेळानं त्यांनी मला हाक मारली.

ते म्हणाले की ती रोज बोलते. सुरुवातीला बोलत नव्हती, नुसती मेंढरंच ऐकू यायची. मग एक दिवस तिनं सांगितलं, मामा, काळ्या मेंढीला पिल्लू झालं. मग दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी. आता सगळंच सांगते. लग्न होऊन घरात आल्यापासून बोलली नसेल तेवढं ती ह्या दोन महिन्यांत बोलली होती. संध्याकाळी घरी येते, भाकरी वाढते, तेव्हा पुन्हा पहिल्यासारखी गप्प. तेही गप्प. जेवताना दोघं असं वागतात जसं दुपारी काही झालंच नाही.

"माजं बोलनं तिकडं जाईल असं काय हाय का तुज्याकडं?" त्यांनी विचारलं.

होतं. अजून एक जोडी रिकामी होती. इकडं एक माईक, तिकडं एक भोंगा, काम अर्ध्या दिवसाचं. मला फार बरं वाटलं, असं काम रोज मिळत नाही. मी वाडग्याकडं चालत गेले ती जवळजवळ पळतच.

सुनेला मी सांगितलं की आबांना तुझ्याशी बोलायचंय. माझा समज होता तिला आनंद होईल. तिनं बोर्डावरच्या बटणाकडं बघितलं, ते बंद आहे ना याची खात्री केली.

"नगा लावू ताई," ती म्हणाली.

मी विचारलं, का.

"त्येंनी जबाब दिला की मग ते सासरा आन् मी सून. मला पदर सावरावा लागंल. ते म्हनतील आसं कर, तसं कर. चांगलंच सांगतील, वाईट न्हाई सांगायचे. पर मग मला बोलाया यायचं न्हाई." तिनं गव्हाणीत पडलेली काडी उचलली आणि बाहेर टाकली. "आता कसं, कुनीतरी ऐकतंय आन् गप ऱ्हातंय. मला कुनी असं ऐकलंच न्हाई कवा."

मी परत घरी येताना सावकाश आले. काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, पण काही जुळलं नाही. आबांना म्हणाले, ती नको म्हणाली.

ते काही वेळ काठीची मूठ चोळत बसले. मला वाटलं दुखावले. मग म्हणाले, "बरं हाय. तिचं बरोबर हाय. म्या बोलाया लागलो की सांगतच बसनार. तिला सांगनारी मानसं काय कमी हायती?"

त्यानंतर मी तिकडं वर्षभर अधूनमधून गेले. कधी कॅमेऱ्यावर कोळ्याचं जाळं झालेलं असायचं, कधी ॲडाप्टर गेलेला असायचा. प्रत्येक खेपेला तिथं काहीतरी बदललेलं दिसायचं. एकदा गेले तर बोअरपासून वाडग्यापर्यंत प्लास्टिकचा पाईप टाकलेला होता, गव्हाणीजवळ नळ आला होता. आधी ती ओढ्यापलीकडून घागरी आणायची. मी विचारलं तर म्हणाली, मामांनी फोनवर ह्यांना सांगितलं, मेंढरांना पाणी पुरत नाही, पाईप टाका. मेंढरांना पाणी पुरत होतं, तिची कंबर दुखत होती. हे तिनं माईकमध्ये सांगितलं होतं आणि दुसऱ्या कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्याशी हे बोलताना ती नळ उगीचच उघडत होती आणि बंद करत होती.

दुसऱ्या वेळी वाडग्यात ती नव्हतीच. आबांचा भाचा आणि त्याची बायको येऊन राहिली होती. भाचा म्हणाला, वहिनी माहेरी गेल्यात, आठवडाभर. तिच्या आईनं अंथरूण धरलं होतं, आणि जायचं कसं, मेंढरं कुणावर टाकायची, मामांना कोण बघणार, हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. आबांनी भाच्याला स्वतःहून निरोप धाडून बोलावून घेतलं. मग सकाळी चहा पिताना सुनेला म्हणाले, तुमच्याकडची जत्रा आली न्हवं, जाऊन ये. जत्रा कधीच होऊन गेली होती. ती एवढंच म्हणाली, व्हय, जाते. आणि गेली.

हे जत्रेचं मला भाच्याच्या बायकोनं सांगितलं. तिला ह्यात हसू येत होतं. म्हातारबाबांना आता दिवससुद्धा आठवत नाहीत, असं तिला वाटत होतं. आबा खाटेवर होते. स्पीकर चालू होता, भाच्यानं बटण दाबून ठेवलेलं होतं, नुसती मेंढरं ऐकू येत होती. मी विचारलं, कसं काय आबा. ते म्हणाले, चाललंय. मग म्हणाले, ह्या पोराला चारा टाकाया येत न्हाई, लांबनं फेकतोय.

डोळ्यांचं त्यांनी शेवटी पोराला सांगितलं. कधी आणि कसं ते मला माहीत नाही. दिवाळीला तो आला होता, तेव्हा त्याचा मला फोन आला. म्हणाला, ताई, टीव्ही काढून आईच्या जुन्या खोलीत लावा, ओसरीत त्याचा काही उपयोग नाही हे मला आता कळलं, मला आधी कुणी सांगितलं नाही. मी म्हणाले, त्यांना तुम्ही तिकडं निवांत काम करावं असं वाटत होतं. तो म्हणाला, हो, तसं तेही म्हणाले. मी जाऊन टीव्ही हलवला. तो सगळा वेळ बापाच्या खाटेवर त्यांच्या पायाशी बसून होता आणि स्पीकर ऐकत होता. बायको वाडग्यात होती आणि त्या दिवशी बटण चालू असून ती एक अक्षर बोलली नाही. आबांनी त्याचं काही नवल केलं नाही.

गेल्या वळवात माळावर वीज पडली. झाडावर पडली, वाडग्याला काही झालं नाही, पण माझ्या वायरीवरचे सगळे बलून जळाले. वीज जवळपास पडली की असं होतं, बलून काळा पडतो आणि डबा वाचतो. वडूजच्या आजूबाजूला त्या दोन दिवसांत आमची कितीतरी ठिकाणची कामं निघाली होती. दुकानात नवरा फोन घेत होता आणि मी एकामागून एक गावं करत होते. सुनेचा फोन सारखा येत होता. कॅमेरे बंद पडलेत, असं ती म्हणायची. मी म्हणायची, येते, उद्या येते. तिसऱ्या का चौथ्या फोनला ती म्हणाली, कॅमेऱ्याचं ऱ्हाऊ द्या, तुमी आवाजाचं तेवढं आदी करा.

मी दुसऱ्या दिवशी पहिलं काम तेच धरलं. ती वाडग्याच्या दारातच उभी होती, शिडी धरायला पुढं झाली. जळालेले बलून काढताना मी तिला सहज विचारलं की इतके दिवस वायर बंद होती, मग घरी तरी बोललात की नाही दोघं. माझ्या मनात होतं की आता एवढं झाल्यावर काही अडत नसेल.

"न्हाई वं," ती म्हणाली. "दोगंबी गप बसून हाव. ते दारात येऊन तुमची वाट बगत्यात, आन् मी भाकरी थापते. काय बोलायचं त्येच सुचत न्हाई तोंडावर. तुमी लवकर लावा."

मी नवे बलून लावले. आधी हिरवी जोडी केली. घरी जाऊन तिकडचं टोक जोडलं. आबा स्पीकर मांडीवर घेऊनच बसले होते. खरखर आली, मग मेंढरं आली. त्यांनी खटका हळूहळू फिरवून आवाज आपल्याला हवा तेवढा केला आणि मला म्हणाले, जा पोरी, च्या पी आत जाऊन, तिनं ठेवलाय करून.

मी आत गेले. चुलीजवळ झाकून ठेवलेला चहा अजून गरम होता. ओसरीतून बोलणं ऐकू येत होतं, पण शब्द कळत नव्हते, इतका त्यांनी आवाज बारीक ठेवला होता. मी चहा प्यायले, कप विसळून पालथा घातला. मागच्या दारानं बाहेर पडले, उरलेली वायर गुंडाळून व्हॅनमध्ये टाकली आणि कॅमेऱ्यांचं राहिलेलं काम करायला पुन्हा ओढ्याकडं गेले.